गोष्ट पुढे पळते, गाणं परत येतं

प्रश्न असा आहे: ‘गोष्ट सांगणारी तुमची आवडती लोकप्रिय गाणी कोणती, आणि ती पुन्हापुन्हा ऐकावीशी का वाटतात? मी स्वतः असं गाणं लिहायला बसतो, पण दोन कडवी झाली की तिसऱ्याशी गाडं अडतं.’

गेली सत्तावीस वर्षं गाणी लिहितोय, त्यातली बारा-तेरा वर्षं लिहायला शिकवतोही. या प्रश्नाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे, कारण तिसऱ्या कडव्याशी माझीही अनेक गाणी मेलेली आहेत. म्हणून आवडती गाणी सांगतो, पण त्या अडलेल्या कडव्यावर डोळा ठेवूनच.

गोष्ट आणि गाणं यांचा स्वभाव मुळात जुळत नाही. गोष्टीला पुढे जायचं असतं. ‘मग काय झालं?’ हेच तिचं इंधन. गाणं मात्र परत येतं. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. तीच चाल, तेच शब्द. एक पळतंय आणि दुसरं घिरट्या घालतंय, अशा दोघांना एका दावणीला बांधायचं. मला आवडणाऱ्या प्रत्येक कथागीतात या ओढाताणीवर काढलेली एखादी वेगळी तोड सापडते. नुसती चांगली गोष्ट चालीवर म्हटली म्हणजे कथागीत होत नाही.

सगळ्यात छोटं उदाहरण आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटलंय. ग. दि. माडगूळकरांचं, आशा भोसल्यांनी गायलेलं ‘एका तळ्यात होती’. मूळ गोष्ट हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८४३ सालची, आणि चांगली लांबलचक. तिच्यात शिकारी आहेत, म्हातारीच्या झोपडीतली मांजर आणि कोंबडी आहे, बर्फात गोठून बसणं आहे. माडगूळकरांनी हे सगळं उडवलं. तीन कडवी ठेवली आणि सारा भार एका शब्दावर टाकला: ‘एक’. ध्रुवपदाच्या शेवटी पिल्लू तयांत ‘एक’ आहे, म्हणजे वेगळं पडलेलं, न मिसळणारं. पहिल्या कडव्यानंतर तीच ओळ परत येते तेव्हा ‘होते’चं ‘आहे’ झालेलं असतं, कारण आता ती कवीची ओळ राहिलेली नाही, बोट दाखवून हसणाऱ्या लोकांच्या तोंडची झाली आहे. एवढ्याशा फरकाने निवेदनाचं रूपांतर टोमण्यात होतं. आणि शेवटी पाण्यात चोरून क्षणभर पाहिल्यावर राजहंस ‘एक’. शब्द तोच, यमकाची जागा तीच, आणि अर्थ उलटा. सुरुवातीला ‘एक’ म्हणजे एकटा, शेवटी ‘एक’ म्हणजे एकमेव. गोष्ट पुढे गेली, गाणं जागेवर आलं, दोघंही खूश.

वर्गात मी हे गाणं पहिल्या दिवशी घेतो. बालगीत म्हणून लोक आधी हसतात. मग मी त्यांना प्रत्येक कडव्यातली शेवटची, मुखड्याकडे वळवणारी ओळ खोडायला सांगतो. संगीतकार तिला क्रॉस लाइन म्हणतात. ती खोडली की ध्रुवपद एकदम उपरं वाटायला लागतं, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं. ‘लोक’, ‘धाक’, ‘क्षणैक’ हे तीन शब्द नुसतं यमक जुळवत नाहीत, प्रत्येक वेळी ‘एक’कडे यायची नवी वाट पाडतात. कथागीतातली निम्मी मेहनत या क्रॉस लाइनवर करावी लागते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

किती उशिरा, तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका पोस्टमनवर अकरा कडव्यांचं गाणं लिहिलं होतं. गोष्ट खरंच बरी होती. पहिल्या प्रयोगात चौथं कडवं संपल्यावर लोकांनी भरघोस टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं असं त्यांना वाटलं होतं. गायक पाचव्याला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने घड्याळाकडे बघितलं, ते मला अजून दिसतं. बरेच दिवस मी लांबीला दोष दिला. खरी चूक ध्रुवपदात होती. सगळ्या गोष्टीचं तात्पर्य मी त्यात पहिल्याच फेरीत सांगून टाकलं होतं. मग प्रत्येक कडवं त्या तात्पर्याला आणखी एक पुरावा जोडत होतं. चार पुराव्यांत लोकांची खात्री पटली, उरलेले सात कशाला ऐकतील?

ध्रुवपद शहाणं नसावं. ते अर्धवट असावं, प्रसंगी थोडं खुळंही चालेल. शहाणपण त्याला कडव्यांनी आणून द्यायचं.

ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ (१९८८) याचा आदर्श नमुना आहे. गरिबीतून बाहेर पडू पाहणारी मुलगी, दारूत बुडालेला बाप, सोडून गेलेली आई, दुकानातली नोकरी, आणि जोडीदाराकडे असलेली एक वेगवान गाडी. सुरुवातीला ती विचारते, की ‘आपण’ उडून जाऊ इतकी ही गाडी वेगात पळते का? आशेवर वर्षं निघून जातात. जोडीदार तिच्या बापासारखाच होतो. आणि शेवटी ती तेच विचारते, फक्त ‘आपण’च्या जागी ‘तू’ येतं. तू जाशील इतकी वेगात आहे का? एका सर्वनामात घटस्फोट! मोठं भांडण नाही, निरोपाचं भाषण नाही. २०२३मध्ये ल्यूक कोम्ब्सने हे गाणं जवळजवळ जसंच्या तसं गायलं आणि ते पुन्हा गाजलं. त्या वर्षी कंट्री संगीताच्या सीएमए पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून मान मिळाला तो लिहिणाऱ्या चॅपमनला. पस्तीस वर्षांनी, दुसऱ्या गळ्यातून, पुरुषाच्या आवाजात गाणं टिकलं, कारण गोष्ट ‘आपण’ आणि ‘तू’ यांच्या मधल्या फटीत होती आणि ती फट कोणाच्याही गळ्यात बसते.

याच घरातलं हॅरी चेपिनचं ‘कॅट्स इन द क्रेडल’ (१९७४). मूळ कविता त्याची पत्नी सँड्रा हिची. मुलगा विचारतो, बाबा कधी येणार? बाप सांगतो, माहीत नाही, पण आलो की मजा करू. दोन कडव्यांनंतर बाप विचारायला लागतो आणि मुलाला वेळ नसतो. ध्रुवपदाची चौकट तशीच, बोलणाऱ्यांच्या खुर्च्या बदललेल्या. खरं सांगायचं तर हे गाणं मला जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. उलटापालट कुठे होणार ते दुसऱ्या कडव्यातच कळतं. तरी ऐकताना घसा दाटतोच. त्याबद्दल माझी स्वतःशीच तक्रार आहे.

एकच गाणं निवडायला लावलंत तर मी बॉबी जेंट्रीचं ‘ओड टू बिली जो’ निवडीन. १९६७चं. अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शेतावरून आलेलं कुटुंब जेवायला बसलंय. आई सांगते, गावातल्या बिली जोने टॅलाहॅची पुलावरून उडी मारली. बाप म्हणतो, त्याला अक्कल कधीच नव्हती, आणि त्याच दमात बिस्किटं इकडे सरकवायला सांगतो. भाऊ एक जुनी खोडी आठवतो आणि ॲपल पाय या गोड पदार्थाचा आणखी एक तुकडा मागतो. गोष्ट सांगणारी मुलगी गप्प. तिच्या ताटाकडे आईचं लक्ष जातं: सकाळपासून रांधतेय मी, आणि तू घासही घेतला नाहीस? मग आई सहज सांगते, की पाद्रीबुवांनी बिली जोबरोबर त्या पुलावर तुझ्यासारखीच दिसणारी एक मुलगी पाहिली, ती दोघं काहीतरी खाली टाकत होती.

काय टाकत होती, यावर लोकांनी पन्नास वर्षं डोकं खाजवलंय. जेंट्रीने स्वतः वेळोवेळी सांगितलं की मुद्दा तो नाहीच. मुद्दा त्या टेबलावरच्या नकळत झालेल्या निष्ठुरपणाचा आहे. आता कारागिरी बघा. प्रत्येक कडवं त्या पुलाच्या नावावर संपतं. वेगळं ध्रुवपद नाहीच, फक्त शेवटी पूल येतो. पहिल्या तीन कडव्यांत पुलावरून बिली जोने मारलेली उडी आहे. चौथ्यात काहीतरी टाकलं जातंय. पाचव्यात वर्ष उलटलंय, बाप साथीत गेलाय, भाऊ लग्न करून निघून गेलाय, आई खचलीय, आणि ही मुलगी फुलं वेचून त्याच पुलावरून गढूळ पाण्यात सोडते. पूल जागचा हलत नाही. त्यावरून खाली काय पडतं ते मात्र बदलत राहतं: माणूस, ते न सांगितलेलं काहीतरी, फुलं. तिचं दुःख एकाही ओळीत शब्दाने आलेलं नाही. (१९७२मध्ये तो लाकडी पूल जळून कोसळला. गाण्यातला शाबूत आहे.)

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, मग आपणही मुख्य गोष्ट लपवून ठेवायची का? नाही. जेंट्रीने लपवलेलं काय ते बघा. घटना तिने पहिल्याच कडव्यात उघडी केली. लपवली ती सांगणारीची आणि त्या घटनेची गाठ. घटना लपवलीत तर कोडं होतं, आणि कोडं एकदा सुटलं की कोणी परत ऐकत नाही.

काही गाण्यांत मात्र ध्रुवपद नसतंच. आपल्या पोवाड्यात परत येण्याचं काम झीलकऱ्यांकडे असतं. शाहीर कथा रेटत नेतो आणि ते ‘जी जी रं जी’ ओढतात. त्या शब्दांना अर्थ नाही, म्हणूनच ते कुठल्याही प्रसंगानंतर शोभतात, कोथळा बाहेर पडल्यावरही आणि तह झाल्यावरही. शिवाय शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला ऐकलेलं गिळायला उसंत. दहा इंची जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्या मापात गाणी बसवायची सवय लागल्यावर ही उसंत आधी कापली गेली असं मला वाटतं, आणि कथागीताचं त्यात नुकसान झालं.

गॉर्डन लाइटफूटच्या ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड’मध्येही ध्रुवपद नाही. १० नोव्हेंबर १९७५ रोजी लेक सुपीरियर या सरोवरावर वादळात एक मालवाहू जहाज बुडालं, २९ जण गेले, एकही वाचला नाही. वर्षभरात गाणं आलं. साडेसहा मिनिटं एकच चाल, लाटेसारखी, कडव्यामागून कडवं. परत येतं ते फक्त सरोवराचं नाव आणि गिटारची एक सुरावट. पण हे गाणं मी शिकवतो ते वेगळ्या कारणाने. एका ओळीत जहाजाच्या मालकोठ्यावरचं झाकण आत खचल्याचा उल्लेख होता आणि त्यातून खलाशांच्या हलगर्जीपणाचा वास येत होता. पुढे, २०१०च्या सुमारास, तसं नसावं असं सांगणारी मांडणी समोर आली, तेव्हा लाइटफूटने मंचावर गाताना ती ओळ बदलली. मूळ रेकॉर्ड लाखोंच्या घरात, पण ऐकणाऱ्यांत त्या खलाशांचे घरचेही आहेत हे त्याने धरलं. खऱ्या माणसांवर गाणं लिहिणाऱ्याने हे एकदा भिंतीवर लिहून ठेवावं. गाण्याच्या शेवटी डेट्रॉइटच्या चर्चमधली घंटा २९ वेळा वाजते. २०२३च्या मे महिन्यात लाइटफूट गेला, तेव्हा त्या चर्चने ती ३० वेळा वाजवली.

आता अगदी वेगळी तोड. ब्राझीलच्या शिकू बुआर्कीचं ‘कोन्स्ट्रुसाँव’, १९७१, लष्करी राजवटीचा काळ. एक बांधकाम मजूर बायकोचा मुका घेऊन घरून निघतो, इमारतीवर चढतो, भिंती रचतो, जेवतो, पडतो आणि वाहतुकीला अडथळा करत मरतो. एवढीच गोष्ट. मग तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते आणि मग तिसऱ्यांदा, आखडती. प्रत्येक ओळीच्या शेवटी पोर्तुगीजमध्ये शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात असलेला एकेक शब्द आहे. दुसऱ्या फेरीत ओळी त्याच, पण हे शेवटचे शब्द विटा उचलून दुसरीकडे ठेवाव्यात तसे हलवलेले. पहिल्यांदा तो वाहतुकीला अडथळा करत मरतो, दुसऱ्यांदा लोकांना, तिसऱ्यांदा शनिवारला. मला पोर्तुगीज येत नाही. भाषांतर समोर ठेवून, एकेका शब्दाखाली रेघ ओढत मी ते ऐकलं. तरी ‘शनिवारला’ कळलं तेव्हा पेन खाली ठेवलं. इथे ध्रुवपद परत येत नाही, सबंध गोष्टच परत येते, आणि दर फेरीला माणूस आणखी स्वस्त होतो.

आणि पुन्हा घरी. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं, माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’. ५६ गाणी, आठवड्याला एक. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत ‘मग काय झालं?’ हे इंधनच शिल्लक नसतं. माडगूळकरांनी ते मागितलंही नाही. घटना बऱ्याचदा दोन गाण्यांच्या मधे घडून जाते. गाणं मिळतं ते त्या घटनेत सापडलेल्या एखाद्याला: रथ थांबव म्हणणारे अयोध्येचे लोक, नाव वल्हवणारे, शबरी, शूर्पणखा, दगड वाहणारे वानर. म्हणजे प्रत्येक गाण्यात घिरट्या घालायला पूर्ण मोकळीक, आणि पुढे जायचं काम आठवड्याकडे! वर पहिल्या गाण्यातली चौकट: कुश-लव गातायत आणि ज्याची गोष्ट आहे तो स्वतः समोर बसून ऐकतोय. रेडिओ ऐकणाऱ्या आपल्याला माहीत आहे ही मुलं कोणाची, गाण्यातल्या कोणालाच नाही. ही एक चौकट ५६ गाण्यांना पुरते. एवढी काटकसर मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही.

बाकीची भराभर सांगतो. कुसुमाग्रजांचं, लताबाईंनी गायलेलं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’: आकडा ध्रुवपदात अडकवल्यामुळे प्रत्येक कडव्यागणिक तो आणखी अपुरा वाटत जातो. ‘जब जब फूल खिले’मधलं ‘एक था गुल और एक थी बुलबुल’: ऐकणारीच गाण्यात बसवली आहे, त्यामुळे गोष्ट सांगायला निमित्त शोधावं लागत नाही. मार्टी रॉबिन्सचं ‘एल पासो’ (१९५९): सांगणारा स्वतःच शेवटी मरतो, तेव्हा ही गोष्ट कोण सांगतंय हा प्रश्न पडायला हवा, पण भूतकाळातून वर्तमानकाळात तो इतका बेमालूम सरकतो की पडत नाही. एमिनेमचं ‘स्टॅन’ (२०००): तीन कडवी चाहत्याची, चौथ्यात उत्तर येतं, तोवर उशीर झालेला. त्यातलं ध्रुवपद डायडोच्या शांत प्रेमगीतातून उचललेलं, पण या पत्रांच्या मधे बसवल्यावर तेच भेसूर वाटायला लागतं.

तुमच्या तिसऱ्या कडव्याबद्दल. तुमचं गाणं मी पाहिलेलं नाही, पण अडणाऱ्या दहापैकी आठ गाण्यांत लेखक तिथे आणखी एक घटना शोधत असतो. थांबा. तिसऱ्यात घटना नकोच. आधीच्या दोन कडव्यांत जे घडलं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी द्या, किंवा मधे दहा वर्षं जाऊ द्या, किंवा ‘आपण’चं ‘तू’ करा. मग ध्रुवपद जसंच्या तसं लावून बघा. अर्थ हलला तर कडवं राहिलं. नाही हलला तर दोष बहुधा ध्रुवपदाचा आहे: त्यातला सगळ्यात अर्थपूर्ण शब्द काढा आणि एखाद्या वस्तूचं किंवा जागेचं नाव घाला. पूल, गाडी, तळं, काहीही. आणि हे मनातल्या मनात वाचून ठरवू नका. मोठ्याने म्हणा, तेही दुसऱ्या माणसासमोर. तो माणूस मधेच फोनकडे बघेल, तिथे खूण करा.

आणि आज रात्री एकच गाणं ऐकणार असाल तर रुबेन ब्लेडसचं ‘पेद्रो नवाहा’ ऐका, विली कोलोनबरोबरच्या १९७८च्या ‘सिएम्ब्रा’मधलं. सात मिनिटांचा साल्सा, नाचता येण्यासारखा. एक चाकूवाला गुंड रस्त्यावरच्या बाईवर चाल करून जातो, तिच्याजवळ पिस्तूल असतं, दोघंही मरतात. आवाज होतो, पण कोणीही बाहेर येत नाही. फक्त एक दारुडा त्या प्रेतांना अडखळतो, पिस्तूल, चाकू, पैसे उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. तो काय गातो? याच गाण्याचं ध्रुवपद, आयुष्य कसे धक्के देतं ते. ब्लेडसने गोष्टीभर ते दाबून ठेवलं, आणि पहिल्यांदा तोंडात दिलं ते त्या दारुड्याच्या. तिथून पुढे सगळा ताफा तेच गात सुटतो.